काचेच्या बगळ्याची मान

त्या रविवारी त्रेपोरच्या धक्क्यावर इतका पाऊस होता, की बंदरातले मासे हवापालटाला रस्त्यावर आले होते म्हणे. मी काही पाहिले नाहीत. पण ज्यानं पाहिले त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण त्यातला एक त्यानं घरी जेवायलाच नेला होता.

असल्या पावसात जुन्या बाजाराला कोण येतं? एक तर विकणारे येतात, नाहीतर प्रेमात पडायचं ज्यांच्या नशिबी असतं ते. बाकीची शहाणी माणसं घरात बसून सफरचंदाचं सायडर पितात.

गिलेन दलात्र विकणाऱ्यांतली नव्हती. तिच्या फिलोमेन आत्याचा लेस आणि बटणांचा ठेला होता. त्याच ताडपत्रीखाली कोपऱ्यात गिलेनचं छोटं टेबल असायचं. टेबलावर तेलाची कुपी, भिंग, सुती दोरीची गुंडी, आणि समोर पाटी : ‘अत्तराच्या बाटल्यांची अडकलेली बुचं मोकळी करून मिळतील.’

आता हा धंदा दुसऱ्या गावात कुणी केला असता तर उपाशी मेला असता. पण आमचं खोरं काचवाल्यांचं. पॅरिसच्या बायका ज्या बाटलीवर जीव टाकतात ती आमच्या ब्रेल नदीकाठी फुंकली जाते. गिलेनचा बाप तर बुचं घासणारा. कुरुंदाची पूड लावून प्रत्येक बूच त्याच्या त्याच्या बाटलीत फिरवून फिरवून असं बसवायचा, की वास सोडाच, आतली कुजबूजसुद्धा बाहेर येऊ नये. त्यानं युद्धाआधी बंद केलेली एक रिकामी बाटली युद्धानंतर उघडली, तर आतून युद्धाआधीच्या पावाचा वास आला. शेजारीपाजारी लोणी घेऊन धावले होते!

तर असा पाऊस पडतोय, आणि एक उंच तरुण कोटात काहीतरी छातीशी कवटाळून धावत येतोय. ओल्या गोट्यावर त्याचा पाय सरकला, आणि तो सरळ गिलेनच्या ताडपत्रीखाली येऊन थांबला — गिलेनच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

“बाळ आहे?” तिनं कोटाकडे बघत विचारलं.

“नाही... बाटली आहे.”

आणि त्यानं कोटातून बाटली काढली. केवढी! भोपळ्याएवढी. खांद्यांवर कोरलेली द्राक्षं, आत मधासारखं सोनेरी पाणी.

“पलीकडच्या म्हाताऱ्याकडून घेतली,” त्याचे डोळे चमकत होते. “बूच अडकलंय. पण एवढं अत्तर! अख्खं गाव वर्षभर घमघमेल, मामझेल.”

फिलोमेन आत्या बटणं मोजता मोजता खोकली. तो खोकला हसण्याचा होता. गिलेन मात्र हसली नाही. तिनं दोरीचा एक फेरा बाटलीच्या मानेला दिला, एक टोक टेबलाच्या खिळ्याला बांधलं आणि दुसरं हातात धरून दोरी झरझर मागेपुढे ओढू लागली. काच गरम झाली, मान कणभर फुगली, आणि बूच ‘टक्’ करून सुटलं.

त्यानं नाक खुपसलं. मग हळूच बाहेर काढलं.

“हा तर... चहा आहे.”

“शिळा चहा,” गिलेन म्हणाली. “ही दुकानाच्या काचेत ठेवायची शोभेची बाटली. आत नेहमी रंगीत पाणीच भरतात.”

“म्हणजे मी फसलो.”

“बाटली खरी आहे. ही द्राक्षं कोरायला कुणीतरी आठवडा घालवलाय. बघा ना, एकसुद्धा दुसऱ्यासारखं नाही.”

त्यानं पाहिलं. पण द्राक्षांकडे फार वेळ नाही. गिलेनच्या केसांच्या बटेवरून एक थेंब ओघळत होता, तो कुठे पडतो याचीच त्याला जास्त काळजी लागली होती.

“मी आमेदे बुतिन्यी,” शेवटी तो म्हणाला. “चर्चच्या गल्लीत माझं मिठाईचं दुकान आहे. यात साखरेच्या कांड्या ठेवीन. द्राक्षं फुकट जाणार नाहीत.”

आणि तो पावसात निघून गेला. बूच टेबलावरच विसरून.

“ते न्यायला येईल,” आत्या म्हणाली.

“विसरलाय बिचारा.”

“हो, हो. माझ्या नवऱ्यानंसुद्धा आमच्या घरी अशीच छत्री विसरली होती. लख्ख उन्हाळा होता तेव्हा.”

पुढच्या रविवारी तो बूच न्यायला आला, आणि येताना अडकलेली आणखी एक बाटली घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. म्हणे मावशीच्या माळ्यावर सापडतात. त्या मावशीचा माळा एवढा मोठा असावा, की तिथून इंग्लंड दिसत असेल.

बाटल्या मात्र एकाहून एक सुरेख. गिलेन प्रत्येक बाटली दोन्ही तळव्यांत अशी घ्यायची, जसं कुणी घरट्यातून पडलेलं पिलू घेतं. मग बोलायला लागायची. एरवी गप्प असणारी मुलगी, पण हातात बाटली आली की थांबायची नाही.

“आजीच्या काळात अत्तर औषधासारखं साध्या शिशीत मिळायचं. घरी आणायचं आणि आपल्या बाटलीत ओतायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की प्रत्येक अत्तराला स्वतःचा झगा हवा.”

“म्हणजे काच फुंकणारे शिंपी झाले.”

“आणि काय शिंपी! ही बघा — खांदे कसे उतरते ठेवलेत. अंगावरून शाल घसरावी तसे.”

आमेदेनं बाटलीचे खांदे पाहिले. मग त्याची नजर दुसऱ्या खांद्यांवर गेली. गिलेननं शाल घट्ट ओढून घेतली, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“आणि हे मानेवर काय? कागद?”

“छे! आतड्याचा पातळ पापुद्रा. ओला असताना बुचावर ताणायचा आणि रेशमी दोऱ्यानं बांधायचा. वाळला की हवासुद्धा आत जात नाही. पॅरिसला बायका ओळीनं बसून बांधतात.”

“आतड्याचा? आणि ते बायका नाकाशी धरतात?”

“सॉसेज तुम्ही तोंडात घालता, मोस्यू बुतिन्यी.”

आत्यानं बटणांचा डबा सांडला.

दुसऱ्या एका रविवारी युद्धाच्या शेवटची गोष्ट निघाली. पॅरिस शत्रूच्या तावडीतून सुटलं तेव्हा अमेरिकी शिपाई अत्तराच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले होते.

“एक बाटली आईला, एक प्रेयसीला,” गिलेन म्हणाली.

“दोन प्रेयसी असल्या तर?”

“तर दोघींना एकच अत्तर. म्हणजे वासावरून पकडला जायला नको.”

“तुम्हाला बरंच माहीत आहे!”

“मला बाटल्यांबद्दल माहीत आहे. शिपायांबद्दल तुम्ही सांगा.”

“मी मिठाईवाला. आमच्या अंगाला एकच वास असतो, तोही जळक्या साखरेचा. कोण फसणार?”

गिलेन दोरीच्या गुंडीकडे बघत म्हणाली, “तसा... वाईट नसतो तो वास.”

त्यावर धक्क्यावरचे समुद्रपक्षी एकदम फार मोठ्यांदा ओरडायला लागले.

त्याच दिवशी तिनं त्याला बाटलीच्या तळाशी खरवडलेला बारीक आकडा भिंगातून दाखवला. तोच आकडा बुचाच्या दांड्यावरही.

“एका बुचाची एकच बाटली. घासलेलीच एकमेकांसाठी असतात. धुताना अदलाबदल झाली की संपलं.”

“काय होतं?”

“गळतं. हळूहळू उडून जातं सगळं. वर्षभरात बाटली रिकामी.”

आमेदेनं भिंग खाली ठेवलं. “म्हणजे मिठाईवाल्यांच्या पोरानं काचवाल्यांच्या गल्लीत येऊच नये.”

तो हसून बोलला, पण गिलेनला ते ऐकून हसू आलं नाही. आमच्या खोऱ्यात काचवाल्यांची सोयरीक काचवाल्यांतच होते, हे गावाबाहेरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

मग एके दिवशी पॅरिसहून मादाम व्हालकूर आल्या. ओर्सव्हाल नावाच्या जुन्या अत्तरवाल्या घराण्याच्या त्या कर्त्या. साठीच्या, ताठ, करड्या रंगाच्या हातमोज्यांतल्या. आत्याच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी मखमली पेटी उघडली, आणि गिलेनचा श्वास अडकला.

पाण्याच्या लाटेसारखी सपाट बाटली, आणि बूच म्हणजे एक बगळा. पंख मिटलेला, मान वर उचललेली. मान इतकी नाजूक, की मोठ्यांदा ‘बगळा’ म्हटलं तरी मोडेल.

“‘एप्रिलचं धुकं’,” मादाम म्हणाल्या. “माझ्या सासऱ्यांनी केलेलं. कृती आगीत गेली, ते स्वतः गेले. जगात ही एवढी एकच भरलेली बाटली राहिली. आमच्याकडचा माणूस म्हणतो, एकदा वास मिळाला तर तो अत्तर पुन्हा उभं करील. पण बूच... पॅरिसमध्ये कुणी हात लावायला तयार नाही. एकजण म्हणाला, बाटलीची मान कापा.”

“कापा?” गिलेन एवढ्या जोरात म्हणाली, की आत्यानं पेटीवर हात धरला.

मादाम हसल्या. “काचवाल्यांनी तुझं नाव सांगितलं, म्हणून मी तुझ्याकडे आले. हे उघड, पोरी. आणि उघडलंस तर पॅरिसला ये. आमची कपाटं जुन्या बाटल्यांनी भरलीत, त्यांची भाषा कळणारं कुणी नाही. तू त्या सांभाळ.”

लहानपणापासून गिलेननं आमच्या खोऱ्यातून पेंढ्यात गुंडाळलेल्या बाटल्या गाडीवर चढताना पाहिल्या होत्या. सगळ्या रिकाम्या जायच्या. भरल्यावर त्या कशा दिसतात, कुणाच्या आरशापुढे उभ्या राहतात, हे बघायला आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. तिला जायचं होतं. आणि आता ते जाणं बगळ्याच्या मानेएवढ्या काचेवर टांगलं होतं. मोडली मान तर ‘एप्रिलचं धुकं’ जगातून कायमचं गेलं, आणि पॅरिसही गेलं.

खिळ्याला दोरी बांधून हे काम होण्यासारखं नव्हतं. बाटली दोन्ही हातांत निश्चल धरायची, म्हणजे दोरी ओढायला दुसरं माणूस हवं. आत्याची बोटं संधिवातानं आखडायची.

गिलेन चर्चच्या गल्लीत गेली.

आमेदे दुकानामागे साखर ओढत होता. गरम पाकाची जाड वळी खुंटीवर टाकायची, ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची... आणि ती हळूहळू रेशमासारखी पांढरी होत जायची. हात असा एका लयीत चालला होता, की गिलेन दारातच थांबली.

“थांबायचं कधी ते कसं कळतं?”

तो दचकला, पण हात थांबला नाही. “हाताला कळतं. डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.”

मग तिनं सगळं सांगितलं. बगळा, मादाम, पॅरिस.

“उघडलं तर तुम्ही जाणार,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि उघडायला माझे हात हवेत.”

“...हो.”

त्यानं साखर खुंटीवर तशीच सोडली. ती लोंबकळून जमिनीला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं. “मामझेल, आधी एक सांगायला हवं. त्या माझ्या बाटल्या... मावशीच्या माळ्यावरच्या...”

“पाकानं चिकटवलेल्या.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दुसऱ्या रविवारपासून. मागची तर लिंबाच्या पाकानं चिकटवली होती. कोमट पाण्यात धरली की लगेच सुटली असती.”

“पण तुम्ही तर तासभर दोरी ओढत बसला होता!”

“बसले होते,” गिलेन म्हणाली, आणि खिडकीतल्या द्राक्षांच्या बाटलीकडे बघायला लागली. कान मात्र लाल झाले होते.

आमेदेनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

“केव्हा यायचं?”

गुरुवारी दुपारी आत्यानं घरात कोबी शिजवायला बंदी केली. खिडक्या लावल्या. मांजराला बाहेर घातलं. मादाम कोपऱ्यातल्या खुर्चीत हातमोजे काढून बसल्या. गिलेननं बुचाच्या कडेला तेलाचा थेंब आदल्या दिवशीच सोडून ठेवला होता. तिनं बाटली दोन्ही हातांत धरली, कोपरं टेबलावर टेकली. आमेदे समोर बसला, दोरीचा फेरा बाटलीच्या गळ्याभोवती, दोन्ही टोकं त्याच्या हातांत.

“हळू,” ती म्हणाली. “एकसारखं. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.”

“आणि तुमच्याआधी मला कळलं तर?”

तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. पाकानं भाजल्याचे जुने पांढरे डाग होते त्यांवर. “तर तुम्ही सांगा.”

दोरी चालू लागली. सर्र... सर्र... सर्र... काचेवर दोरीचा तेवढाच आवाज. दोघांची डोकी इतकी जवळ, की तिच्या कपाळावरचे केस त्याच्या श्वासानं हलायचे, आणि मग हलायचे थांबले.

एकच हिसका पुरला असता. मान मोडली असती, आणि हात चुकला असं कुणालाही पटलं असतं. मिठाईवाला माणूस, त्याला काचेतलं काय कळणार? गिलेन इथेच राहिली असती. त्रेपोरच्या धक्क्यावर, दर रविवारी. हे आमेदेला कळत होतं. गिलेनलाही कळत होतं. तिनं मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि पुन्हा खाली बाटलीकडे बघितलं. हात मात्र तिनं मागे घेतले नाहीत.

दोरी तशीच चालत राहिली. सर्र... सर्र...

“आता,” आमेदे म्हणाला.

गिलेननं बगळ्याला मानेला धरलंच नाही. पायांशी, जिथे काच जाड होती तिथे, दोन बोटं लावली आणि श्वासाएवढी वळवली.

टिक्.

बगळा उडाला म्हणेन मी. म्हणजे उठला तिच्या हातात, आणि त्याच्यामागून ते आलं.

काय सांगू? ओल्या लायलॅकची पानं होती त्यात. आयरिसच्या मुळांचा गार, पिठासारखा वास होता. लांब कुठे पेटवलेल्या ओल्या लाकडाचा धूर, पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर येते ती उबदार वाफ, आणि सगळ्याच्या तळाशी असं काहीतरी, की आत्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या लग्नाची सकाळ!” आणि खुर्ची नाही तिथे बसली. दाराबाहेर मांजर गायला लागलं. शेजारी पाद्रीबुवा प्रार्थना सांगत होते, ते मध्येच थांबून लहानपणच्या मैत्रिणीची आठवण काढत राहिले. त्यांनी स्वतः मला सांगितलं. मादाम व्हालकूर डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांच्या ताठ गालांवरून पाणी वाहत होतं.

“हेच,” त्या म्हणाल्या. “अगदी हेच.”

गिलेन मात्र भिंग लावून बघत होती. एकदा बुचाच्या दांड्याकडे, एकदा बाटलीच्या तळाकडे. पुन्हा बुचाकडे.

“काय झालं?” मादाम घाबरल्या.

“आकडे वेगळे आहेत. हा बगळा या बाटलीचा नाही. भरताना कुणीतरी दुसऱ्या बाटलीचा बसवला. म्हणून एवढा रुतला होता.”

“म्हणजे चुकीचा आहे?”

गिलेननं बाटली उजेडात धरली. अत्तर गळ्यापर्यंत भरलेलं होतं, पहिल्या दिवशी असेल तसं. थेंबभरही उडालं नव्हतं.

“तुम्ही म्हणाला होता गळतं,” आमेदे हळूच म्हणाला.

“म्हणाले होते.”

“मग?”

“मग चुकलं माझं,” गिलेन म्हणाली. तिचा आवाज जरा हलला. “मादाम, यांना वेगळं करू नका. मूळचं बूच सापडलं तरी नको. हीच दोघं राहू द्या.”

मादामनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे. आयुष्य अत्तरवाल्यांत गेलेली बाई, नाक कशासाठी होतं तिला? “माझी कपाटं पुढच्या सोमवारपासून तुझी,” एवढंच त्या म्हणाल्या.

आमेदे कधी उठला कुणाला कळलं नाही. गिलेन दारात आली तेव्हा तो पायरीवर कोट घालत उभा होता. पाऊस थांबला होता, छपरांवरून अजून पागोळ्या गळत होत्या.

“न सांगता निघालात?”

“अभिनंदन करायला शब्द जुळवत होतो. जुळेनात.”

“बरं, ते राहू द्या. ‘एप्रिलचं धुकं’ कसं वाटलं?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“मी घेतलाच नाही वास.” तो कोटाच्या गुंडीशी झटापट करत होता. “तुमची बोटं त्या बगळ्यावर होती... मला वाटलं, मी श्वास घेतला तर मोडेल. म्हणून धरून ठेवला.”

“आणि उघडल्यावर?”

“उघडल्यावर कळलं की तुम्ही जाणार. मग... घ्यावासाच वाटला नाही.”

गिलेन वळली आणि आत गेली. आमेदे खिळल्यासारखा उभा राहिला. ती परत आली तेव्हा डाव्या हाताचं मनगट उजव्या तळव्यानं झाकून, जपत जपत आली, वाऱ्यात दिवा आणावा तशी. मादामच्या परवानगीनं तिनं बगळ्याचा पाय एकदा, एकदाच, मनगटाला टेकवला होता.

तळवा बाजूला करून तिनं मनगट त्याच्यापुढे धरलं.

“घे,” ती म्हणाली. अहो-जाहो तेवढ्यात पायरीवरून घरंगळून गेलं होतं.

आमेदे वाकला. त्याचं नाक तिच्या नाडीपाशी आलं, आणि त्यानं श्वास आत घेतला, सावकाश, शेवटपर्यंत. डोळे मिटलेले. गिलेनची नाडी एवढ्या जोरात उडत होती, की त्याच्या नाकाला गुदगुल्या झाल्या असतील.

“काय आहे त्यात?” तिनं कुजबुजत विचारलं.

तो तसाच वाकलेला, डोळे न उघडता म्हणाला :

“पॅरिसमध्ये मिठाईची दुकानं किती असतील?”

“पुष्कळ.”

“मग आणखी एकानं कुणाला गर्दी होणार नाही.”

आत मादाम उगाचच घसा खाकरत होत्या, आणि आत्या त्यांना उगाचच मोठ्यांदा विचारत होती, कॉफीत साखर किती घालू. गिलेननं मनगट मागे घेतलं नाही. आमेदेनं पुन्हा एक श्वास आत घेतला, आणि तो मात्र सोडला नाही.